एक जुलै

करार काल संध्याकाळी पाचला संपला.
डबे मात्र मी काल तीनलाच वाटून आले होते,
बेचाळीस घरं, एकशे सत्त्याऐंशी डबे,
प्रत्येकावर माझ्या अक्षरात नाव, वय, घर क्रमांक.
आणि माणसाचं पोट काही
सरकारी मुदतीत साफ होत नाही,
ते सकाळी होतं.
म्हणून आज मी निघाले आहे
कुणाचीच नोकर नसलेली,
रिकामं खोकं खांद्याला लावून.

नववं कलम मला पाठ आहे:
या करारामुळे उभय पक्षांत
मालक आणि नोकर असे कोणतेही नाते निर्माण होत नाही.
अकरा वर्षांत बावीस वेळा त्याखाली सही केली.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं;
लग्न लागल्यावर नवऱ्याने कानाशी वाकून
'गैरसमज करून घेऊ नकोस हं' म्हणावं, तसं.

कातुबिगच्या काठची शेतं ढोपरभर पाण्यात.
गमबूट माझे स्वतःचे, डावा चिरलेला,
त्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
शेवाळात, म्हशींच्या खुरांनी पडलेल्या खळग्यांत
त्या गोगलगायी राहतात,
तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नाहीत.
चिमट्याने उचलायच्या, दोन काचांत चिरडायच्या,
भिंगाखाली दुभंगल्या शेपटीची पिल्लं वळवळली
की नकाशावर एक तांबडा ठिपका.
तो नकाशा मनिलाच्या कचेरीत भिंतीवर लावलाय म्हणे.
खाली लिहिलंय,
सर्वेक्षण: विभाग.

पोरं लांबूनच ओरडतात, गूवाली आली!
म्हातारा एपिफानियो डबा देताना टोपी काढतो
आणि अकरा वर्षं एकच विनोद करतो,
'घे पोरी, ताजं आहे.'
जोबेलिन डुकराच्या खुराड्यामागे लपते.
एकाने एकदा कुत्र्याचं भरून दिलं होतं;
त्याला वाटलं, सरकारला काय कळतंय.
सरकारला नाही कळलं. मला कळलं.

मागच्या मार्चमध्ये एक डबा उरला,
त्यावर मी माझंच नाव घातलं.
तक्त्यात काम करणाऱ्यांसाठी रकाना नाही,
असायचं कारणही नाही, पाहा कलम नऊ.
मग लिहिलं: घर क्रमांक सतरा, रहिवासी.
मिस लुझविमिंदा भिंगावर बराच वेळ वाकून राहिली.
वर न बघता म्हणाली,
'नोनिता, आधी भात खाऊन ये.'
उंचीच्या काठीला पाठ लावून मी उभी राहिले,
काठी मीच धरली, खूणही मीच वाचली:
चार गोळ्या.
यादीतल्या माझ्या नावापुढे
बरोबरची खूणही मीच केली.
दिवसभर जमीन होडीसारखी हलत होती.
रजेचं विचारू नका.
आमच्यात न आलेला दिवस म्हणजे न मिळालेले पैसे,
एवढंच व्याकरण.

दुपारी कचेरीच्या फाटकाशी
रोहेलियोने हजेरीचं पुस्तक मागे ओढलं.
'तुझं नाव नाही यात, आजपासून.'
ओशाळला बिचारा. त्याचाही करार
डिसेंबरपर्यंतचाच आहे.
मग पाहुण्यांची वही पुढे सरकवली.
कोणाला भेटायचे आहे?
कामाचे स्वरूप?
मी खोकं त्याच्या टेबलावर ठेवलं,
तो खुर्चीसकट मागे सरकला,
आणि दोन्ही रकाने तसेच राहिले.

एकशे एक्याऐंशी आले.
नवा करार पंधरापर्यंत येईल म्हणतात,
मागच्या वर्षीही म्हणाले होते, ऑगस्ट उजाडला.
सहा डबे अजून गावात आहेत.
त्यातला एक जुनरेलचा, वय सात.
परवा त्याने सदरा वर करून घाम पुसला,
तेव्हा पोट जरा मोठं दिसलं मला.
उद्या सकाळी जाईन.
त्याची आई कपडे धुवायला पाण्यात उतरायच्या आधी.